ओतिलियाचा हात

परिचारिका नेरेइदा तिसऱ्यांदा टेकडी चढून आली, तेव्हाही ओतिलिया दारातल्या बुटक्या स्टुलावर बसून मक्याचे दाणे काढत होती. अंगठ्याने कणीस दाबायचं, पिळायचं, दाणे बादलीत पडू द्यायचे. दाण्यांचा आवाज तिला ऐकू येत होता. नेरेइदाचा आवाजही येत होता, पण तो कुणा दुसरीसाठी असावा तसा.

नेरेइदाने खांद्यावरची लसींची निळी थंड पेटी खाली ठेवली आणि उंबऱ्याला टेकून दम घेतला. वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं 'दोन्या' तीही म्हणायची.

"दोन्या ओतिलिया, ही पेटी बकरीएवढी जड आहे. बकरी निदान आपल्या पायांनी चढते. माझ्यासाठी तरी टोचून घ्या."

"ठेव खाली."

"ठेवलीय. हात पुढे करा."

"हात कामात आहे."

"दुसरा करा. दंडाशी मतलब, कुठल्या का असेना." नेरेइदा तिच्यासमोर उकिडवी बसली. "हे बघा, तुम्हाला घाबरवायला मी येत नाही. तुमच्या सेवेरोंना जे झालं ते तुमच्याही अंगात असू शकतं. हातातून वर चढायला त्याला वेळ लागतो. एकदा ते सुरू झालं की कुणीच काही करू शकत नाही, ते तुम्ही बघितलंय. अजून सुरू झालेलं नाही. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही."

ओतिलियाने दुसरं कणीस घेतलं.

"आज नववा दिवस," ती म्हणाली. "आज क्रॉस उचलायचाय."

नेरेइदाने दारातून डोकावलं. आत मातीच्या जमिनीवर, जिथे तिच्या नवऱ्याची, सेवेरोची, शवपेटी ठेवली होती तिथे, चुन्याचा क्रॉस काढलेला होता. ओहिते गावात माणूस पुरला की लगेच घरातून जात नाही. नऊ दिवस प्रार्थना होते, मग तो चुना चारी टोकांकडून गोळा करतात आणि कबरीवर नेऊन टाकतात. तेव्हा तो जातो. आठ दिवस ओतिलिया त्या क्रॉसला वळसा घालून चुलीपाशी जात होती. तिला रडू आलं नव्हतं. मुलगा मोंतेरेइहून आला, रडला, कारखान्यातली रजा संपली म्हणून गेला. तो रडत असताना तिने त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण बघितलं होतं. तेवढंच तिच्या लक्षात राहिलं.

"मी आबुंदिओंकडे जाऊन येते," नेरेइदा उठली. "ते तर तुमच्यापेक्षा वरचढ. म्हणतात, मी फक्त गायीची शिंगं धरली होती, शिंगांना दात नसतात. येताना पुन्हा विचारीन."

"विचार," ओतिलिया म्हणाली.

ओतिलियाचा उजवा हात लहानपणापासून लांब आणि अरुंद. तिची आई म्हणायची, बाकीची पोर देवाने घाईत उरकली, हाताशी आल्यावर त्याला वेळ मिळाला. ओहितेमध्ये आंब्याची आणि संत्र्याची झाडं आणि गुरं एकाच कुंपणात असतात. आंबे गळायला लागले की गायी ते सबंधच गिळतात, आणि एखादी कोय गळ्यात बसते. गाय मान ताणून उभी राहते, लाळ गाळते, पोट नगाऱ्यासारखं फुगतं. वेळेत कोय निघाली नाही तर संपलं. तिचा बाप तिबुर्सिओ गुरांचा जाणता होता, पण त्याचा पंजा फावड्यासारखा. एकदा त्याने पोरीला उचलून गायीच्या तोंडापाशी धरलं आणि म्हणाला, "घाल. भिऊ नकोस, आत अंधार आहे, एवढंच."

आत अंधार होता आणि ऊब होती. जिभेचा मागचा भाग कानशीसारखा खरखरीत, मग एकदम अरुंद होत जाणारी वाट. ती वाट तिच्या हाताला आवळत होती, ढकलत होती. गळा जिवंत असतो हे तिला तेव्हा कळलं. त्या आवळण्याच्या विरुद्ध हात न्यायचा, बोटांनी कोय फिरवायची, चपटी बाजू वर आली की ओढायची. तिने ओढली. गायीने इतका मोठा ढेकर दिला की तिबुर्सिओची हॅट उडाली, असं तो पुढे आयुष्यभर सांगत होता.

त्या दिवशी बापाने तिला नियम सांगितला. ज्याच्या गोठ्यात हात घातला त्याच्या पाण्याने तो धुवायचा नाही. धुतला तर हाताचा गुण तिथेच राहतो आणि गाय पुन्हा अडकते. हात फडक्यात गुंडाळायचा, अंगापासून लांब धरायचा, घरी यायचं आणि आपल्या पाण्याने धुवायचा. हे त्याला त्याच्या बापाने सांगितलं होतं. गावात सगळ्यांना ते इतकं माहीत होतं की ओतिलिया कुंपणातून आत येताना दिसली की घरची बाई न सांगता पाण्याची बादली उचलून आत नेऊन ठेवायची.

असाच फडक्यातला हात घेऊन ती एकदा गुऱ्हाळावरून जात होती. चरकात ऊस घालणारा एक काळा, उंच माणूस तिला म्हणाला, "हात कुणी मोडला?"

"गायीने."

"आणि गायीचं काय?"

"गाय चरतेय."

तो सेवेरो. त्याने तिला पानात गुंडाळलेली गुळाची लहानशी ढेप दिली. तिने ती डाव्या हाताने घेतली.

लग्नानंतर तो तिच्याबरोबर जायला लागला. त्याचं काम जिभेचं. पोत्याच्या तुकड्याने गायीची जीभ धरून बाजूला ओढून ठेवायची, म्हणजे ती जबडा मिटू शकत नाही. परतताना त्याचेही हात लाळेने माखलेले असायचे. वाटेत ओढा लागायचा. तिने पहिल्यांदाच त्याला सांगितलं होतं, "तुला कसला नियम? तू धू की."

"तू बरबटलेला हात घेऊन चालणार आणि मी स्वच्छ? लोक म्हणतील याला बायकोची घाण वाटते."

"लोकांना काय, वाटत असेल तर सांग."

"घरी गेल्यावर सांगतो."

घरी एकाच परातीत दोघं हात धुवायचे. आधी ती, मग त्याच पाण्यात तो. इतकी वर्षं. मध्ये मुलगा झाला, मोठा झाला, गेला. गुऱ्हाळ बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. गावात डांबरी रस्ता आला आणि त्याच्याबरोबर गुरांचा डॉक्टर, महिन्यातून एकदा. लोक तरीही ओतिलियाकडे यायचे, कारण कोय महिनाभर थांबत नाही. मोबदला म्हणून चीज, कोंबडी, कधी कॉफीच्या बिया. तिला हे काम आहे असं कधी वाटलंच नाही. हात होता, तो जायचा.

तिच्या लहानपणी ओहितेमध्ये कुत्री पिसाळायची. कुणाला चावलं की शहरात नेऊन पोटात इंजेक्शनं घ्यावी लागायची, रोज एक, पोट सुजून टरटरीत होईपर्यंत. एलिहिओ कुंभाराने घेतली आणि तो म्हातारा होऊन मेला. त्याच्या भावाने घेतली नाहीत. त्याला मक्याच्या कोठीत बांधून ठेवलं होतं, आणि त्या वाटेने पाणी वाहून नेणाऱ्या बायका घागरी हिंदकळून पाण्याचा आवाज त्याला ऐकू जाऊ नये म्हणून श्वास रोखून चालायच्या. मग सरकारची माणसं दर वर्षी यायला लागली. चौकातल्या पत्र्याखाली टेबल मांडायचे, आणि सगळा गाव कुत्री घेऊन यायचा, दोरीने ओढत, ढकलगाडीत घालून, एक म्हातारी तर शालीत गुंडाळून. गाव हसायचा. बघता बघता पिसाळलेलं कुत्रं म्हणजे काय हे ठाऊक नसलेली पिढी वाढली. लोक म्हणाले, तो रोग गेला.

गुरांना व्हायची ती कंबरमोड. गाय कळपाच्या मागे पडते, मागचे पाय ओढते, लाळ गाळते, बसते ती उठत नाही. ती वटवाघळांमुळे होते हेही ठाऊक होतं. वरच्या गुहेतली वटवाघळं रात्री गुरांच्या मानेला बारीक चावा घेऊन रक्त चाटतात, आणि सकाळी मानेवर वाळलेली काळी रेघ दिसते. तिबुर्सिओच्या काळात लोक गुहेत टायर जाळायचे, एकदा सुरुंगही लावला. फळं खाणारी मेली, फुलांवर जाणारी मेली, रक्त चाटणारी दुसऱ्या गुहेत राहायला गेली. पुढे सरकारी पथक जाळी घेऊन यायला लागलं. सेवेरो त्यांच्याबरोबर दिवा धरायला जायचा.

"मारत नाहीत," तो तिला सांगायचा. "पाठीवर मलम चोपडून सोडून देतात. ते घरी जातं. बाकीची जमतात आणि त्याला चाटून चाटून साफ करतात. मलमात विष. अशी सगळी मरतात."

"का चाटतात?"

"एकमेकांची असतात म्हणून."

कुत्र्याचा तो रोग आणि गायीची कंबरमोड हा एकच रोग आहे, असं पथकवाले प्रत्येक वेळी सांगायचे. रेबीज. लोक माना डोलवायचे. कुत्रा चावतो. गाय कुठे चावते?

आंबे गळत होते तेव्हा आबुंदिओचा निरोप आला. आबुंदिओच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी ओतिलियाने हातांवर धरलं होतं, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणायचा आणि ती त्याला कोम्पाद्रे. भावाबहिणीपेक्षा जरा जास्त, आणि जरा अवघड, असं ते नातं.

त्याची ठिपक्यांची गाय कुंपणाला टेकून उभी होती. मान ताणलेली, लाळेची तार जमिनीपर्यंत.

"कालपासून अशी आहे, कोमाद्रे. कोय आहे. मी हिला झाडाखालीच बघितलं होतं."

आबुंदिओने शिंगं धरली. सेवेरोने जीभ ओढली. ओतिलियाने हात घातला, आणि हात नुसता आत गेला.

गळा आवळत नव्हता. ओल्या पोत्यात हात घालावा तसा तो आत गेला, कोपरापर्यंत, त्याच्याही पुढे. बोटांना कोय लागली नाही. तिने बोटं फिरवली. ऊब होती, पण तिला कुणी ढकलत नव्हतं. आपण कुणाच्या तरी रिकाम्या घरात आलोय असं तिला वाटलं. तेवढ्यात गायीचा जबडा आडवा सरकला आणि सेवेरो "हं" म्हणाला. मागच्या दाढेने त्याच्या बोटांच्या सांध्यावरची कातडी सोलली होती. त्याने जीभ सोडली नाही.

तिने हात बाहेर काढला. सगळे तिच्या हाताकडे बघत होते. आजवर तो हात काही न घेता बाहेर आला नव्हता.

"सरकली," ती म्हणाली. "खाली सरकली असणार."

"मी म्हटलं नव्हतं?" आबुंदिओ म्हणाला. त्याच्या बायकोने, चोनाने, बादली आधीच आत नेलेली होती.

दोघं घरी आली. ओढा लागला. सेवेरोच्या सांध्यावर रक्त आणि लाळ वाळून एकच पापुद्रा झाला होता. ऊन होतं. तो संत्र्यांच्या भावाबद्दल काहीतरी बोलत होता. घरी परातीत आधी तिने हात धुतला, मग त्याच पाण्यात त्याने.

गाय दोन दिवसांनी मेली. आबुंदिओने खड्डा खणून पुरली आणि पोट फुगून मेली असं सांगितलं. कंबरमोड म्हटली असती तर सरकारला कळवावं लागलं असतं, आणि त्याच्या घरचं चीज कुणी घेतलं नसतं. गावाला समजलं होतं. ओतिलियालाही समजलं होतं, हाताला तर आधीच. कुणीच बोललं नाही, आणि न बोलणं इतकं सोपं होतं की त्यात काही केल्यासारखंही वाटलं नाही.

आंबे संपले. झाडांवर हिरवी संत्री धरली. एका सकाळी सेवेरो म्हणाला, "हाताला मुंग्या आल्यात."

"हातावर झोपला असशील."

"हातावर नाही, तुझ्यावर झोपलो होतो."

"मग मला यायला हव्या होत्या."

दुसऱ्या दिवशी मुंग्या कोपराशी होत्या. मग खांद्याशी. मग त्याने कॉफीचा पेला तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. पुन्हा नेला, पुन्हा ठेवला. "गळा बंद होतो," तो म्हणाला. जणू दाराबद्दल बोलत होता. शेजाऱ्याच्या ट्रकमधून शहराच्या इस्पितळात नेताना खिडकीतून वारा आला तेव्हा तो आकसला आणि त्याने हॅटने तोंड झाकलं.

डॉक्टरने विचारलं, कुत्रा? नाही. मांजर? नाही. वटवाघूळ चावलं का? नाही. मग डॉक्टर पुढे वाकला. सेवेरोचा हात उलटा करून त्याने सांध्यावरची गुलाबी नवी कातडी बघितली आणि विचारलं, "तुमच्याकडे गुरं आहेत का? गुरांच्या तोंडात हात घातला होता कुणी?"

सेवेरो तेव्हा पूर्ण शुद्धीत होता. तो म्हणाला, "माझी नुसती बोटं होती. हिचा अख्खा हात आत होता. हिला बघा."

सगळे ओतिलियाकडे वळले. तिथल्या परिचारिकेने तिला कोपऱ्यातल्या बेसिनपाशी नेलं, हातावर साबण दिला. "आधी धुवा, घासून, मग सुई." महिने उलटले होते, त्या धुण्याने काय होणार होतं कोण जाणे, पण ओतिलियाने साबण चोळला आणि नळ सोडला.

पाण्याचा आवाज झाला. मागे सेवेरोच्या गळ्यातून जो आवाज आला तो तिने कोठीपाशी ऐकला होता, लहान असताना, घागर डोक्यावर असताना. त्याची मान मागे वाकली. दोघांनी त्याला धरलं.

तिने नळ बंद केला.

"राहू दे," ती म्हणाली.

साबण हातावर वाळला. सुई घ्यायला तिला बोलावलं तेव्हा ती म्हणाली, हे आटोपू दे. ते आटोपलं तेव्हा म्हणाली, मातीला जाऊन येते. मातीला जाऊन आल्यावर तिला काहीच म्हणावंसं वाटलं नाही. हात ती घागऱ्याला पुसायची. भांडी चोना घासून जायची, पाणीही तीच भरून ठेवायची. ती बोलत नव्हती, आबुंदिओ येत नव्हता. आठ दिवसांत एकाही प्रार्थनेला तो आला नाही.

नवव्या दिवशी नेरेइदा उतरून गेल्याला फार वेळ झाला नसेल. बादली अर्धी भरली होती. चोना वाटेवरून धापा टाकत वर आली. तिचा एक पाय अनवाणी होता.

"चल खाली. कोमाद्रे, चल."

"काय झालं?"

"लाल गाय. लाळ गळतेय. हा म्हणतो संत्रं अडकलंय. मी म्हटलं कुणी हात लावायचा नाही, ती सुईवाली पोरगी पण ओरडतेय कुंपणाबाहेरून, हा ऐकत नाही. अस्तन्या वर केल्यात. चरबी लावलीय हाताला. म्हणतो, कोमाद्रे येणार नाही तर मीच घालतो."

"त्या सगळ्या गुरांना लस दिली ना? सेवेरो गेल्यावर पथक आलं होतं."

"दिली. ते म्हणाले होते, आधीच शिरलं असेल तर उपयोग नाही." चोनाने तिचा दंड धरला. "त्याला ते संत्रंच हवंय, समजतंय का तुला? हे संत्रं निघालं तर ती पण कोयच होती. मग सेवेरो..." ती थांबली.

ओतिलिया उठली. मांडीवरचा मक्याचा भुसा झटकला. आपल्याला घाई वाटायला हवी, असं तिच्या मनात आलं. पाय मात्र रोजच्यासारखेच चालले.

आबुंदिओ गोठ्यात उभा होता, कोपरापर्यंत डुकराची चरबी लावलेला. गाय कुंपणाला टेकलेली. बाहेर नेरेइदा पेटी पायाशी ठेवून उभी होती आणि तिचा आवाज बसला होता.

"हात काढ, कोम्पाद्रे," ओतिलिया म्हणाली.

"अजून घातलाय कुठे? बोटं घातली होती नुसती. अंदाज घ्यायला." त्याने बोटं वर करून दाखवली. त्यांच्यावरून लाळ ओघळत होती. "संत्रं आहे. हिरवं. मी गिळताना बघितलंय तिला."

"बघितलंस?"

"बघितल्यासारखंच आहे ते."

"तिचे मागचे पाय बघ."

"थकलीय."

"शेपूट उचल तिची. दोरीसारखी लोंबतेय."

"तूच उचल! तू गावाची जाणती ना? मग ये, घाल हात आणि काढून दाखव. नाहीतर बाजूला हो." त्याचे डोळे लाल होते, आणि ते रात्रभर न झोपल्याने होते की दुसऱ्या कशाने, ते कळत नव्हतं.

"हिच्या गळ्यात काही नाही."

"हात न घालताच कळलं?"

"तेव्हा हात घालून कळलं होतं."

गायीने एक पाय टाकायचा प्रयत्न केला आणि तो अर्धवट वाकडा पडला.

"तू म्हणालीस सरकली," तो हळू म्हणाला. "सगळ्यांसमोर. मी ऐकलंय. चोनाने ऐकलंय."

"म्हणाले."

"मग?"

"सरकायला काही नव्हतंच. गळा रिकामा होता. हात रिकामा काढायची सवय नव्हती, म्हणून म्हणाले."

मग आबुंदिओ म्हणाला, "मी गाय पुरली."

"माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत आहे," चोना म्हणाली, "मोठा लपवणारा."

ओतिलियाने आजूबाजूला बघितलं. कुंपणाच्या खांबापाशी ओल्या मातीत बादलीच्या बुडाचा गोल उमटलेला होता, बादली नव्हती. तिला आत येताना बघून चोनाने सवयीने ती उचलून घरात नेली होती, धापा टाकत असताना, एका पायात चप्पल नसताना.

"बादली कुठे नेलीस?"

चोना गोंधळली. "आत."

"आण. आणि साबण. परात असली तर परातही."

"इथे?" आबुंदिओ म्हणाला. "तुझा हात? इथलं पाणी?"

"तुझाही."

चोनाने परात आणली. ओतिलियाने आबुंदिओचं मनगट धरून त्याला गायीपासून दूर ओढलं, खाली बसवलं आणि बादली वाकडी केली. पाण्याचा आवाज झाला. तिने बादली तशीच धरून ठेवली आणि ऐकलं. पाणी पत्र्यावर पडत होतं. कुणी ओरडलं नाही. ते नुसतं पाणी होतं, आणि ते पडत राहिलं.

मग तिने त्याची बोटं एकेक करून घासली, सांधे, नखांच्या कडा, चरबी निघेपर्यंत. मग तिचा हात. वाळलेला साबण अजून बोटांच्या बेचक्यांत होता की तो तिला भास होत होता, सांगता आलं नसतं. नेरेइदा कुंपणाच्या आत आली आणि म्हणाली, "अजून. मी थांबा म्हणेपर्यंत." तिने लवकर थांबा म्हटलं नाही.

"आधी कोण?" पेटी उघडत तिने विचारलं.

आबुंदिओने ओतिलियाकडे बघितलं. तो तसाच मांडी घालून बसला होता, ओले हात पुढे धरून, परीक्षेला बसवलेल्या माणसासारखा. तो नाही म्हणायला एवढीशी वाट शोधत होता, आणि ती वाट म्हणजे ती स्वतः आहे, हे तिला दिसलं. ती नाही म्हणाली तर तो नाही म्हणेल.

तिने बाही वर केली.

सुई गेली. तिने ती जाताना बघितली.

"दुखलं का?"

"नाही."

"यांना दुखेल," नेरेइदा म्हणाली आणि आबुंदिओकडे वळली. त्याला दुखलं. त्याने तसं मोठ्याने सांगितलंही.

"हे एकदाच नाही हं," नेरेइदा म्हणाली. "पुन्हा घ्यायचीय. आज आणखी एक औषध शहरातून मागवते, तेही. आणि दोन्या ओतिलिया, मी खोटं सांगणार नाही. बहुतेक वेळेवर आहोत. बहुतेक. त्यापुढचं वाट बघूनच कळेल."

"पेटी वर आणू नकोस," ओतिलिया म्हणाली. "मी खाली येईन."

संध्याकाळी प्रार्थनेला बायका जमल्या. आबुंदिओ आला आणि दाराशीच उभा राहिला, हॅट हातात घेऊन, एका दंडावर कापसाचा बोळा चिकटवलेला. कुणी त्याला आत ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. प्रार्थना संपल्यावर क्रॉस उचलायची वेळ आली. प्रार्थना सांगणाऱ्या बाईने नेहमीप्रमाणे लहान झाडू आणि कागद पुढे केला, पण ओतिलिया गुडघ्यांवर बसली आणि तिने तळहातानेच चुना गोळा करायला घेतला. पायाकडून, मग दोन्ही हातांकडून, मग डोक्याकडून. चुना थंड होता. जमीन थंड होती. मध्ये एकदा तिने कपाळावरचा केस मागे सारायला हात वर नेला आणि क्षणभर तो तसाच धरून ठेवला. हाताला चोनाच्या घरच्या साबणाचा वास येत होता.